बघत राहिलेल्या पंचाची कैफियत

ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार (गुडघा जेवढं वाकू देतो तेवढाच, उरलेला मनातल्या मनात). तुझी कंबर कशी आहे? भाऊजींचं झाडांना पाणी घालणं आणि शेजाऱ्यांशी भांडणं ही दोन्ही कामं नियमित चालू असतील अशी आशा आहे. माझी तब्येत उत्तम. परवा बँकेच्या रांगेत एका अनोळखी आजीबाईंनी खांद्यावर छत्री हाणली, तेवढा काळानिळा डाग सोडला तर अंगावर कुठे काही नाही.

तुझं पत्र मिळालं. नऊ शब्दांचं. ‘सिनेमा पाहिला. त्याला तू मारलंस. आता फोन करू नकोस.’ फोनला बंदी आहे, पत्राला नाही, म्हणून लिहितोय (नियम मी बारकाईनं वाचतो, बॉक्सिंगच्या रिंगणात एकतीस वर्षं दुसरं केलं काय?). आधीच सांगून टाकतो, माफी मागण्यासाठी हे पत्र नाही. मी कुणालाही मारलेलं नाही.

झालं असं, की सिनेमावाल्यांच्या ऑफिसातून एका मुलीचा फोन आला, ‘आम्हाला एक जबरदस्त पंच हवाय.’ मी म्हटलं, मीच तो. तिला ठोसा म्हणायचा होता, मला माणूस वाटला, आणि हा घोळ लक्षात येईपर्यंत मी इस्त्रीचा शर्ट घालून दिग्दर्शकासमोर बसलो होतो. हा दिग्दर्शक म्हणजे काडीसारखा माणूस, आयुष्यात साधी थप्पडही न खाल्लेला (हे त्यानंच अभिमानानं सांगितलं). त्यानं मला गोष्ट ऐकवली. एक गोदीतला हमाल, बायको अंथरुणाला खिळलेली, तिच्यासाठी हा शेवटची लढत खेळतो आणि बाराव्या फेरीत रिंगणातच प्राण सोडतो. सांगता सांगता तो स्वतःच रडला. मी विचारलं, ‘आणि तेव्हा पंच काय करतो?’ म्हणाला, ‘बघत राहतो.’ मी म्हटलं, ‘का बुवा?’ तर म्हणे, ‘काका, तो मेला पाहिजे ना!’ तेव्हाच उठायला हवं होतं. पण पांढराशुभ्र नवा शर्ट, गळ्यात काळा बो आणि आपला चेहरा पडद्यावर एवढा मोठा! मोह झाला. एवढी चूक कबूल.

शूटिंग एका बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात होतं. हीरो भला माणूस, नाकातून रक्त यायच्या नुसत्या कल्पनेनं पांढरा पडणारा. त्याला मारणारा मात्र खरा बॉक्सर, सध्या कवळ्या बनवतो, आणि प्रत्येक ठोशानंतर ‘लागलं का?’ विचारतो. ठरलं होतं बावीस ठोसे. मी दोन पावलांवर नुसतं उभं राहायचं. चौथ्या ठोशाला हीरोचे हात खाली आले, गुडघे आत वळले. अभिनय आहे हे मला माहीत होतं, ताई, पण माझ्या पायांना कुणी सांगितलं नव्हतं. मी मध्ये! दोन्ही हात पसरून, ‘पुरे!’ दिग्दर्शक म्हणाला, परत. परत तेच. हीरोचा अभिनय जसा सुधारत गेला, तसा मी आणखी लवकर घुसत गेलो. अकराव्या वेळी तर दुसऱ्याच ठोशाला. शेवटी हीरो माझ्या कानाशी येऊन अगदी गयावया करत म्हणाला, ‘काका, मला एकदा मरू द्या हो!’

(तुला ठाऊकच आहे, सगळे बॉक्सर मला मागे ‘पुरेमास्तर’ म्हणायचे. त्रेचाळीस लढती मी मध्येच थांबवल्या. लोकांनी बाटल्या फेकल्या, पेपरात भित्रा म्हणून छापून आलं. आणि आता थांबवलं नाही म्हणून छत्री. लोकांना नेमकं हवंय तरी काय?)

मग दिग्दर्शक एकदम गोड झाला. ‘काका, थोडं खाऊन घ्या.’ सकाळपासून पोटात काही नव्हतं. पडद्यामागे स्वयंपाकी आम्लेटं करत होता. मी तिथे उभा राहून आपला नंबर येण्याची वाट बघत होतो. बस. तिथे कॅमेरा लावून ठेवलाय हे मला थिएटरात कळलं.

पहिल्या दिवशी, पहिल्या खेळाला. पडद्यावर हीरो ठोशामागून ठोसे खातोय आणि मध्ये मध्ये माझं तोंड, घराएवढं. नजर स्थिर, ओठ किंचित ओले, आणि एकदा मी चक्क आवंढा गिळतो. अख्खं थिएटर हुंदके देत होतं. मागून एक बाई ओरडली, ‘राक्षस!’ मी वळून पाहिलं कोण तो, तर ती माझ्याकडेच बोट दाखवत होती.

सिनेमा आठवा आठवडा हाउसफुल्ल आहे. एका समीक्षकानं लिहिलंय, ‘पंचाच्या चेहऱ्यावरची ती थंड भूक अंगावर काटा आणते.’ (भूक होतीच! त्या माणसाला कळतं बरं का.) न्हाव्यानं गळ्यावर वस्तरा धरून विचारलं, ‘तुम्हाला थांबवता आलं असतं ना?’ मी म्हटलं, ‘बाबा, आत्ता तू थांब.’ मी दिग्दर्शकाकडे गेलो आणि ठणकावून सांगितलं, त्या अकरांपैकी एक तरी जोड. तो म्हणाला, ‘मग तो जगेल, काका.’ मी म्हटलं, ‘जगू दे की!’ ‘मग सिनेमा कुठला राहिला?’ मी जिना जमेल तेवढा दणादण उतरलो.

तेव्हापासून रोज दुपारचा खेळ सुटला की मी थिएटरच्या दारात उभा राहतो आणि डोळे पुसत येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, ‘मी थांबवलं होतं. अकरा वेळा.’ मॅनेजरनं हाकललं. आता फुटपाथवर उभा राहतो, फुटपाथ त्याच्या बापाचा नाही. काही जण हसतात, काही अंगावर येतात. एका गॅरेजवाल्यानं मात्र सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘आणि बाराव्या वेळी?’ त्या दिवशी मी लवकर घरी आलो.

आता तू न लिहिलेल्या गोष्टीबद्दल. तुझ्या मनात आहे, ‘माझ्या पोराला डोळ्यावरच्या एका जखमेपायी थांबवलं, आणि तो हीरो मरत असताना मात्र उभा राहून बघत बसला.’ नऊ वर्षांपूर्वीची फायनल. (नेमलेला पंच आयत्या वेळी आजारी पडला आणि दोन्ही बाजूंनी लेखी संमती दिली म्हणून मी उभा राहिलो, हेही तुला माहीत आहे.) भाचा गुणांनी पुढे होता, चाळीस सेकंद उरले होते, मी थांबवलं आणि तो हरला. तो म्हणाला, ‘मामा, मी पडलो नव्हतो.’ खरं आहे, नव्हता पडला. पण ताई, थांबवलं ते जखमेसाठी नव्हतं. मी जखम बघायला वाकलो तेव्हा त्यानं मला हळूच विचारलं, ‘माझा कोपरा कुठला?’ आणि त्याच्या कोपऱ्यात तू पाणी घेऊन उभी होतीस, समोरच, दहा फुटांवर. हे मी कुणाला बोललो नाही. बॉक्सरचं असलं काही बाहेर सांगत नाहीत. आज तुला सांगितलं.

भाऊजींना नमस्कार.

तुझा,
राक्षस (पडद्यावरचा)

ता. क. १: माफी मागितलेली नाही. पत्र परत वाचून खात्री करून घेतली.

ता. क. २: सिनेमाचा दुसरा भाग येतोय, त्यात म्हणे पंचाला पश्चात्ताप होतो. मी साफ नाही म्हटलं. दोनदा. (तिसऱ्यांदा विचारलं तर सांगता येत नाही. शर्ट फार छान शिवतात.)

ता. क. ३: माझ्याकडे भाच्याचा जो नंबर आहे तो हल्ली एका नळदुरुस्तीवाल्याला लागतो. त्यानंही सिनेमा पाहिलाय, आवाजावरून ओळखून मला दहा मिनिटं झापलं. मला नवा नंबर हवाय. भाचा फोन ठेवून देईल, देऊ दे. मी परत लावीन. कधीतरी वैतागून ‘काय आहे, मामा?’ म्हणेल, तेवढं मला पुरतं. उत्तर लिहायची इच्छा नसेल तर लिहू नकोस, कागदावर नुसते आकडे पाठव.