पंतप्रधानांच्या कागदांवर चहा

तीर्थरूप आईस, दिल्लीहून अमरेशचे शरणार्थ.

मी बरा हाय, काळजी करू नको. तुझा गुडघा कसा हाय? औशाला डॉक्टरकडं जाऊन आलीस का?

आजवर तीन पंतप्रधानांना चहा दिला, थेंब सांडला न्हाई. काल नव्या पंतप्रधानांच्या कागदांवर अख्खा कप उलटला. आमच्या हापिसातले साहेब माझ्यावर भडकले, तर पंतप्रधानच म्हणाले, "त्यांना बोलू नका. माझाच धक्का लागला."

बाहेर आल्यावर मला राहवलं न्हाई. साहेबांना म्हणलं, "धक्का न्हाई साहेब, माझा हात थरथरला." आता सोमवारी दवाखान्यात हाताची तपासणी हाय. तुझ्या सुनेला, मंजुश्रीला, अजून बोललो न्हाई.

आई, अप्पांचा हात थरथरायला लागला, तेव्हा त्यांचं वय काय होतं? खरं कळव.

वाट बघणारा तुझा,
अमरेश