दारात उभी केलेली गाडी

नंदुरबार
मंगळवार, दुपारी, दुकानातून

प्रिय धीरज,

समोर आलास की मी तुला 'तुम्ही'च म्हणेन, काळजी करू नकोस. पण कागदावर 'तुम्ही' लिहायला लागले की खताच्या कंपनीला तक्रार लिहीत असल्यासारखं वाटतं, म्हणून इथे तू. परवा फोनवर तू विचारलंस, गाडी मोठी घेऊ की साधी, तुला कुठली आवडेल? मी म्हटलं, तुम्हाला योग्य वाटेल ती. तेव्हा माझ्या एका बाजूला आई होती, दुसऱ्या बाजूला आत्या, आणि फोन स्पीकरवर होता. साखरपुडा झाल्यापासून आपला एकही फोन आपल्या दोघांचा नाही. मेसेज लिहावा तर तुझा फोन तुझी बहीण हाताळते, हे तूच हसत सांगितलं होतंस. म्हणून हे पत्र. आत्ता दुकानात गिऱ्हाईक नाही, पप्पा जेवून आडवे झालेत, आणि युरियाच्या पोत्यांना पाठ टेकून मी तुझ्या प्रश्नाचं उत्तर लिहिते आहे.

खरं उत्तर असं की मला मोठी आवडली. तुमच्याकडे या दोन गाड्यांचं चाललंय हे कानावर होतंच, म्हणून गेल्या आठवड्यात साड्या घ्यायला सुरतेला गेलो तेव्हा आईला म्हटलं, जरा शोरूममध्ये डोकावू. दोन्ही गाड्या एकाच छपराखाली, शेजारी शेजारी उभ्या होत्या. तिथला मुलगा मोठ्या उत्साहाने सांगत होता की दोन्ही एकाच घराण्याच्या, सांगाडा एक, इंजिन एक. फरक आहे तो सीटच्या चामड्याचा, आत येणाऱ्या आवाजाचा आणि नाकावरच्या बिल्ल्याचा. मी आधी साधीत बसले. चांगली आहे, बांधावरून न्यायला भ्यायला नको अशी. मग मोठीत बसले आणि त्याने दार लावलं. बाहेर आई काहीतरी सांगत होती, तिचे ओठ हलत होते, आणि मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. धीरज, किती बरं वाटलं म्हणून सांगू. एकतीस वर्षांची होईपर्यंत लोकांचं इतकं ऐकून झालंय की त्या सीटवरून उठावंसं वाटेना. अजून एकही नाही जमलं का, शिकून फार शहाणी झाली असेल, दुकानात बसणारी मुलगी घरात काय बसणार. तो मुलगा मायलेज सांगत होता आणि मी डोळे मिटून बसले होते. त्याला वाटलं असेल, बाईंना गाडी पसंत पडली.

पण आपली गोष्ट तिथून सुरू होत नाही, तुमच्या अंगणातून सुरू होते. आमच्याकडची माणसं घर बघायला ब्राह्मणपुरीला आली तेव्हा मीही हट्टाने आले. मुलीने स्वतः घर बघायला जायचं नसतं, असं आत्या सगळ्या रस्त्याने बजावत होती. तुमच्या फाटकातून आत शिरलो आणि तिची बोलती बंद झाली, कारण निंबाखाली ती काळी मोठी गाडी उभी होती. घर पाहिलं, विहीर पाहिली, ट्रॅक्टर पाहिला, पण सगळ्यांची नजर फिरून फिरून तिच्यावर. पप्पांनी तुझ्या पितांबर काकांना म्हटलं, गाडी छान आहे. काका म्हणाले, हो, फार आरामाची आहे. बस्स, एवढंच. कुणी विचारलं नाही की कुणाची, आणि कुणी सांगितलं नाही की सुरतेच्या पाहुण्यांची. कुणी खोटंही बोललं नाही तसं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, ती अशी.

मग आपल्याला दोघांना बोलायला द्यायचं ठरलं. घरात पाय ठेवायला जागा नव्हती, ओट्यावर बायका, माडीवर गहू पसरलेला. काकांनीच सुचवलं, पोरांना गाडीत बसू द्या एसी लावून. तू पुढे बसलास, मी शेजारी, आणि पन्नास डोळे काचेबाहेर. तू एसी लावायला गेलास आणि वायपर सुरू झाला. कडकडीत उन्हात, कोरड्या काचेवर. तो बंद करायला गेलास तर पाणी उडालं. शेवटी तू दार उघडलंस, एक पाय बाहेर जमिनीवर टेकलास आणि म्हणालास, असं बसलं तर चालेल ना? तेव्हाच मला कळलं की ही गाडी तुझी नाही; विचारल्यावर सुरतेच्या पाहुण्यांची आहे हेही तू लपवलं नाहीस. आणि खरं सांगू का, तेव्हाच मला पहिल्यांदा मोकळा श्वास घेता आला. याआधी जे जे बघायला आले त्यांनी माझी उंची विचारली, पगाराची नोकरी करणार का विचारलं, एकाने तर चष्म्याचा नंबर विचारला. तू विचारलंस, तुमच्या दुकानात केळीच्या करप्यावर सध्या काय देता? मी सांगितलं, तू म्हणालास त्याने आमच्याकडे फरक पडला नाही, मी म्हटलं, फवारणी उशिरा केली असणार, आणि तू मान्य केलंस. परत येताना आत्याने विचारलं, काय बोलणं झालं? मी म्हटलं, करप्याबद्दल. तिने कपाळावर हात मारला. "पोरगं ते जाऊ दे, दारमा गाडी उभी शे, आजून काय जोयजे?" असं तिने पप्पांना सांगितलं, आणि माझा होकार गाडीच्या नावावर जमा झाला.

मी तेव्हा घरी हे सांगितलं नाही. वाटलं, पाहुण्यांची गाडी होती तर होती, लग्नात कोण कुणाचं काय काय मागून आणतं. आमच्या घरीही तुम्ही आलात तेव्हा कपबशा शेजारच्या होत्या. वाटलं, आपोआप मिटेल. पण मिटलं नाही, वाढतच गेलं. आता ती पाहिलेली गाडी खरी करून दाखवायची म्हणून तुमच्या घरात अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीच्या मुहूर्तावर गाडी घ्यायचं चाललंय. तूच फोनवर बोलता बोलता म्हणून गेलास, मोठी घेतली तर नदीकाठची केळी विसरावी लागेल. मी विषय बदलला, आत्याचा कान फोनला होता. केळी विसरायची म्हणजे शेतच विकायचं ना? तापीला लागून असलेलं, ज्याबद्दल तू त्या दिवशी गाडीत एक पाय बाहेर ठेवून बोलत होतास, ते. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, पण इथे मोत्यासाठी नाकच विकायचं चाललंय.

आणि साधी घेतली तर काय, तेही मला कळलंय. आमच्या दुकानाला लागून इद्रिसचाचांचं सीटकव्हरचं दुकान आहे, गाड्यांची सजावटही करतात. त्यांच्या घरच्या चांदबी काकू आणि आई यांचं रोज भिंतीवरून बोलणं. शनिवारी काकू हसत हसत सांगायला लागल्या, "अरी सुन तो, ब्राह्मणपुरी का कोई काका आया था इनके पास. बोला, गाडी छोटी लेंगे, उसपे बडीवाली का बिल्ला लगा दो, पीछे का नाम भी बदल दो, किसी को समझना नहीं मंगता." चाचांनी हात जोडून नाही म्हटलं, मग तो माणूस सुरतेत करून घेतो म्हणून गेला. काकूंना हसू आवरत नव्हतं. माझं सासर तापीकाठी आहे एवढंच त्यांना ठाऊक, त्याच घरात मी जाणार आहे हे नाही. आईला गावाचं नाव ऐकूनही शंका आली नाही, तिच्या मते तुमच्या घरी मोठी गाडी आहेच, आता घेताय ती आपल्या दोघांसाठी दुसरी. मीही हसले, हसावं लागलं, आणि मग मोरीत जाऊन कितीतरी वेळ तोंड धूत राहिले.

हे काका म्हणजे पितांबर काकाच, याबद्दल मला शंका नाही. शंका आहे ती एकाच गोष्टीची, तुला हे ठाऊक आहे का. तू मला विचारलंस मोठी की साधी, तेव्हा साधी म्हणजे साधीच ना, की बिल्ला लावलेली साधी? तेव्हापासून हाच प्रश्न मनात घोळतो आहे. गिऱ्हाईक झिंक मागतं आणि मी सल्फर काढून देते. मी फार थकले आहे रे. माणसं मला पसंत करत नाहीत याने थकले नव्हते इतकी, जितकी आता पसंत केल्यावर थकले.

अजून एक सांगायचं राहिलं आहे, आणि ते तुमच्या घरात कुणालाच माहीत नाही. आमच्या मागच्या गल्लीत एक गोदाम आहे. पप्पांनी ते मला देऊ केलं होतं, लग्न झालं तरी तुझंच म्हणून. टिश्यूकल्चरची केळीची रोपं आणून तिथे जाळीखाली वाढवायची आणि शेतकऱ्यांना द्यायची, असं माझं दोन वर्षांपासून मनात आहे. ब्राह्मणपुरीहून इथे येणं-जाणं अवघड नाही, तेही मी मनाशी ठरवून ठेवलं होतं. तुला लग्नानंतर सांगणार होते. आता पप्पांनी ते गोदाम विकायला काढलंय. का, तर तुमच्या अंगणातली गाडी. ते म्हणतात, "त्यासना घर अशी गाडी शे, मंग आपलेबी शोभी असं कराले जोयजे." हॉल सुरतेचा बघितलाय, दागिने वाढवलेत, आणि गोदामाचा इसार त्याच आखाजीला घ्यायचा ठरला होता. आईला ते म्हणाले, आपली पोर मोठ्या घरी चालली, तिला खाली मान घालायला लागू नये. हे त्यांनी इतक्या आनंदाने म्हटलं की मी उठून त्यांच्यासाठी चहा टाकला. तिकडे तुझं शेत जाणार, इकडे माझं गोदाम, आणि ज्या गाडीपायी हे सगळं ती सुरतेला आपल्या मालकाच्या दारात सुखाने उभी आहे.

रागावू नकोस, तुझ्या अप्पांनाही मी नावं ठेवत नाही. तेहतीस वर्षांच्या शेतकरी मुलाला मुली नाही म्हणतात, गाव बघून नाही म्हणतात, नोकरी नाही म्हणून नाही म्हणतात, हे मला दुकानात बसून रोज ऐकू येतं. येणारा प्रत्येक बाप आधी बियाणं मागतो आणि मग हळूच विचारतो, बेटा, तुझ्या ओळखीत एखादी मुलगी आहे का? आपल्या पोरासाठी अप्पांनी एक दिवस उसनं अवसान आणलं तर मला त्याचं काही वाटत नाही. फक्त ते उसनं आता परत करायला हवं, आणि ते गाडी विकत घेऊन परत होणार नाही.

म्हणून माझं उत्तर. साधी घे, तिचंच नाव तिच्या नाकावर असू दे. नाहीतर काहीच घेऊ नकोस, तुमच्या घरच्या जुन्या बोलेरोत मी बसेन. पण त्याच्या आधी पप्पांना सांग की ती गाडी तुमची नव्हती. मी सांगू शकते, दोनदा त्यांच्यासमोर जाऊन बसलेही, पण माझ्या तोंडून ऐकलं तर त्यांना एवढंच कळेल की व्याह्यांनी आपल्याला फसवलं. ते त्याच क्षणी सुपारी परत पाठवतील, मी त्यांना ओळखते. तुझ्या तोंडून ऐकलं तर आधी चिडतील, चहाही विचारणार नाहीत, पण समोर बसलेला माणूस कसा आहे हे त्यांना दिसेल. मला जसं त्या दिवशी दिसलं. अप्पांना आणता आलं तर आण, नाहीतर एकटा ये. काकांना आणू नकोस.

हे पत्र उद्या सकाळी आमच्या टेम्पोवरचा दलसिंग तुझ्या हातात देईल, दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचं नाही असं त्याला सांगितलंय. गोदाम घेणारा माणूस आखाजीची वाट न बघता उद्याच संध्याकाळी इसार द्यायला येतो आहे, आज सकाळीच त्याचा फोन आला, आणि म्हणून मला आज लिहावं लागलं. तो यायच्या आत तू आला नाहीस तर पप्पांना मी सांगेन. गोदाम वाचेल, तुझं शेतही वाचेल, लग्न वाचणार नाही. हे मी तुला धाक घालायला लिहीत नाही, मला दुसरा रस्ताच दिसत नाही म्हणून लिहिते. इतकी स्थळं आली आणि गेली, कुणी परत यावं असं मला कधी वाटलं नाही. उद्या दुपारी मी गल्ल्यावर बसून रस्त्याकडे बघत असेन, आणि मला भीती वाटते आहे धीरज, तू येणार नाहीस याची.

येशील तर तुझीच,
मोहिनी