दीड औंस जास्तीचे पाणी

मोंबासा, ता. ४ जानेवारी १९३७

चि. अनुसूयेस, समुद्रापलीकडून बंडूमामाचे अ. आ.

तुझ्या हिंगोलीच्या दवाखान्यातल्या सगळ्या बाटल्या खुशाल असतील. औंढ्याला तुझी आई, म्हणजे आमची अक्का, आणि तुझे नाना बरे आहेत, असे अक्काच्या पत्रावरून समजले.

आता कामाचे. आमच्या जुन्या विद्यापीठाने परदेशी नाव काढलेल्या माजी विद्यार्थ्यांसाठी एक सुवर्णपदक ठेवले आहे. त्याला नुसता मोठा हुद्दा पुरत नाही, आपण कोणाला घडवले तेही दाखवावे लागते. येथे नळाच्या कामावर माझ्या हाताखाली तयार झालेल्या दोघांनी पत्रे दिली आहेत. तिसरे स्वदेशातले हवे. ते माझ्या भाचीशिवाय कोण देणार? तुला त्रास नको म्हणून मजकूर मीच लिहून सोबत जोडला आहे, की मामांनी सलग दहा वर्षे पत्रांतून मला शास्त्र शिकवले, आज मी कंपाउंडर आहे ती त्यांच्यामुळे, वगैरे. खाली सही करून उलट टपाली पाठव.

वीस वर्षे परमुलखात पाणी पोचवले. एकदा तरी आपल्या माणसांत कोणी नाव पुकारावे, असे वाटते. हसू नकोस.

तुझा, तू कधी लिहीत नसलीस तरी वाट पाहणारा,
बंडूमामा


हिंगोली, ता. ९ फेब्रुवारी १९३७

ती. बंडूमामांस, अनुसूयेचा शि. सा. न.

पत्र काल पोचले. तुम्ही आईलाही लिहिलेले दिसते, कारण तिचा निरोप आधीच आला होता. मामासाठी एक सही केल्याने माझा हात झिजणार नाही, असे ती म्हणते.

सही केलेली नाही. मी रोज तीस-चाळीस बाटल्यांच्या चिठ्ठ्यांवर सही करते. आत काय आहे ते स्वतः मोजल्याशिवाय करत नाही. तुमची पत्रे मी जपून ठेवली आहेत. दहा वर्षांत चार आली. त्यांतली दोन आईला आहेत, एकात माझ्या लग्नाची चौकशी आहे. उरले एक कार्ड. त्याविषयी जे खरे आहे ते वेगळ्या कागदावर लिहून, सही करून, सोबत पाठवत आहे. माझ्याजवळ ठेवलेली नक्कल अशी:

“मी पंधरा वर्षांची असताना मामांनी मोंबासाहून चाळीस औंसांची एक बाटली आणि दोन औंसांचा मापाचा ग्लास पाठवला. माझे वडील देवळात पूजेला असतात. तिथले एक जुने अभिषेकपात्र आमच्या घरी होते. ते टांगून मी त्यात बाटलीने चाळीस औंस पाणी ओतले. खाली थेंब थेंब गळालेले ग्लासाने मोजले, ते साडेएकेचाळीस भरले. सात दिवस तसेच. वडिलांनी ती देवाची कृपा मानली, आणि शेजारपाजारचे लोक ते पाणी तांब्यातून नेऊ लागले. मी आकडे मामांना कळवले. त्यांच्या कार्डात एकच प्रश्न होता, की माप वाचताना तुझा डोळा कुठे असतो? पुढे लिहिले होते, पाणी काचेच्या कडेला वर चढते, तिथे वाचले की दर ग्लासाला थोडे जास्त दिसते. डोळा पाण्याच्या बरोबरीला आणावा आणि मधली खोलगट रेषा वाचावी. तसे केले. चाळीसला थोडे कमी भरले, तेवढे पात्राला चिकटले होते. मामांनी मला एवढेच शिकवले. माझे सगळे काम त्यावर चालते.”

देवाने दिलेले दीड औंस मेव्हण्याने मोंबासात बसून परत नेले, असे नाना अजून म्हणतात.

कागद विद्यापीठाकडे पाठवायचा की नाही ते तुम्ही ठरवावे. लोभ आहे तेवढा राहू द्यावा, वाढवा म्हणण्यासारखे माझ्या हातून काही झालेले नाही.

आपली,
अनुसूया


मोंबासा, ता. २१ जून १९३७

चि. अनुसूयेस, मामाचे अ. आ., मोजून.

तुझा कागद वाचला आणि दोन दिवस जेवण गोड लागले नाही. चार म्हणजे अगदी चारच का गं? मनातल्या मनात मी तुला पुष्कळ पत्रे लिहिली. कामावरून येऊन कागद पुढे घ्यायचो आणि तिथेच डोळा लागायचा. पुढे इतके दिवस गेले की लिहायची लाज वाटू लागली. ते कार्ड तर मला आठवतही नव्हते.

माझा मजकूर फाडला आणि तुझाच पाठवला. पदक दुसऱ्या एका गृहस्थांना मिळाले. त्यांच्या शिष्यांनी म्हणे आठ-आठ पाने लिहिली होती. राग नाही असे लिहिणार होतो, पण तू तेही मोजशील. तेव्हा खरे लिहितो, थोडा आहे.

नानांना सांग, दीड औंस इकडे सुखरूप आहे. तिकडचा लोभ आटला असेल तर कळव, म्हणजे इकडून भर घालीन.

तुझा,
बंडूमामा


हिंगोली, ता. २ ऑगस्ट १९३७

ती. बंडूमामांस, अनुसूयेचा शि. सा. न.

पदकाचे समजले. वाईट वाटले. कागद बदलला असता असे मात्र वाटले नाही.

एक कळवायचे राहिले आहे. मे महिन्यापासून दवाखान्यातली दाई भिकाबाई माझ्याकडे औषध मोजायला शिकते. ती डोंगरकडा गावची, वय पन्नासच्या पुढे. तिला अंक वाचता येत नाहीत, म्हणून मी काचेवर रंगीत रेघा ओढून दिल्या. पहिल्या आठवड्यात तिची प्रत्येक मात्रा चुकत होती. तिला तुमचा प्रश्न विचारला. तेव्हापासून ती ग्लास मेजावर ठेवते, गुडघे टेकते, मान खाली आणते आणि मग वाचते. परवा नव्या नर्सबाईंना ती दटावत होती, की डोळा खाली न्हाई आणला तर ग्लास खोटं बोलून राहतो. हे तुला कोणी सांगितले, असे त्यांनी विचारले. त्यावर तिने बाईच्या मोंबासाच्या मामानं, असे सांगितले. आता त्याही गुडघे टेकतात.

दारातून पाहणाऱ्या बायकांना वाटते, औषधाला नमस्कार चालला आहे. त्याही हात जोडतात. मी दोनदा समजावले, मग सोडून दिले.

हे त्या कागदात असायला हवे होते. तेव्हा घडलेले नव्हते, म्हणून लिहिले नाही.

पुढचे पत्र तुम्ही लिहावे. ते पाचवे... नाही, जूनचे आणि जानेवारीचे धरून सातवे होईल. लोभाला भर घालायची गरज नाही, पातळी बरोबर आहे.

आपली,
अनुसूया