झाडांत लपलेले निऑन

बुधवार, संध्याकाळ. घणसोली

आज टाकीतले निऑन मासे मोजले. चारच. दहा होते.

नात ईश्वरीने काचेच्या टाकीत हिरवी झाडं लावून फक्त बारीक मासे सोडले होते. मधे काहीतरी मोठं शोभेल म्हणून एंजल मासा मीच आणला. दुकानदार म्हणाला, "काका, टेन्शन नका घेऊ, सगळ्यांत मिसळतो." तेव्हा तो रुपयाएवढा होता, आता तळहाताएवढा झालाय. आणि ते तोंड. दुकानातच माझी नजर तोंडावर गेली होती. खाडीतल्या मोठ्या माशाच्या पोटातून बारीक मासे निघताना किती वेळा पाहिलेत मी. मग बोललो का नाही? चौथी शिकलेला मी, वाटलं काचेतल्या माशांचं काही वेगळं असेल.

बायको दुपारी म्हणालीच, "अख्खा जलम खाडीत गेला न तुमाला त्याचा तोंड दिसला नाय?"

दिसलं होतं. तेच तर.

ईश्वरी शाळेतून आली. "आजोबा, बाकीचे कुठेयत?" मी बोलून गेलो, "झाडांत लपलेत." काय गरज होती? रडली असती, माझ्यावर चिडली असती, एवढंच ना?

एंजल उद्या परत देईन. पण तिला काय सांगू? नवे सहा आणून गुपचूप सोडले तर ते दुसरं खोटं.

आत्ता ती टाकीपुढे बसली आहे. लपलेल्यांना बाहेर यायची भीती वाटते म्हणून चिमटीने झाडांजवळ दाणे सोडते आहे. एंजल तिच्या बोटांखाली तोंड उघडून उभा आहे.