जिथे हात, तिथेच मार

मंगळवार, ९ मार्च
दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. तू, वहिनी आणि पिल्लू मजेत असाल. आई बरी आहे, तिचे गुडघे तेवढे कुरकुरतात. बाबांना थोडं लागलंय. काळजीचं काही नाही, पुढे लिहिते. फोन तू उचलत नाहीस म्हणून वहिनीकडून पत्ता मिळवला. तिच्यावर चिडू नकोस, मीच तिच्या मागे लागले होते.

बातमी अशी की बाबांचे कराटेचे गुरू, ओकिनावाचे सेन्सेई, शेवटी एकदाचे जपानहून आले. तेच, ज्यांच्या फोटोसमोर वाकल्याशिवाय बाबांनी आपल्याला कधी क्लासमध्ये पाऊल टाकू दिलं नाही. आठवडाभर आपल्याकडे राहिले. त्याआधी महिनाभर बाबांनी घर डोक्यावर घेतलं होतं. क्लासच्या भिंती रंगवल्या, संडासचा नळ बदलला, माझी खोली पाहुण्यांना दिली आणि मला आईच्या खोलीत ढकललं. नवी गादी आणली. म्हाताऱ्याने ती पहिल्याच दिवशी गुंडाळून भिंतीला उभी केली आणि जमिनीवर झोपला. धुणंही स्वतःच धुवायचा, न्हाणीत उकिडवा बसून. आई म्हणाली, "असा पाहुणा असेल तर वर्षभर ठेवा."

बाबांची फजिती मात्र तू बघायला हवी होतीस. दारात त्यांनी पाठ केलेलं लांबलचक जपानी वाक्य म्हटलं. सेन्सेईंनी शांतपणे ऐकलं आणि सोबतच्या शिष्याला काहीतरी विचारलं. हा शिष्य दुभाष्याचं काम करायचा. मोडक्यातोडक्या इंग्रजीत तो म्हणाला, "सेन्सेई विचारतात, तुम्ही ओकिनावाला कोणत्या वर्षी आला होतात? त्यांना आठवत नाही."

दादा, 'मी त्यांचा सगळ्यात लाडका शिष्य' हे ऐकत आपण लहानाचे मोठे झालो. बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. मला हसू आलं, ते मी खोकून लपवलं.

आता तुला वाटेल, म्हातारा कुणी साधुपुरुष असेल. अजिबात नाही. बुटका माणूस, सत्तरी ओलांडलेली, पण मुठीची हाडं अक्रोडासारखी. पहिल्याच संध्याकाळी आपल्या पेंटरचा ओठ फोडला. पेंटरला तू ओळखत नाहीस, तू गेल्यावर आला, दुकानांच्या पाट्या रंगवतो, आमचा सगळ्यात दांडगा ब्राउन बेल्ट. तो जरा ऐटीत पुढे आला आणि पुढच्या क्षणी खाली बसून दात मोजत होता. सेन्सेईंनी स्वतःच्या रुमालाने त्याचं तोंड पुसलं, पाठीवर थोपटलं आणि परत उभं करून परत पाडलं. शेवटी पेंटर रक्ताने माखलेल्या तोंडाने हसत होता. मार खाऊन हसणारा माणूस मी आपल्या क्लासमध्ये त्या दिवशी पहिल्यांदा बघितला.

मग सांचिन. तुला सांगायला नको, तरी लिहिते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. पावलं आत वळवून, जमीन घट्ट धरून, श्वास दाबत सावकाश पुढे सरकायचं. आणि गुरूने खांद्यावर, पोटावर, मांडीवर मारून बघायचं की अंग घट्ट आहे का. बाबा कसे मारायचे ते तुझ्या अंगाला माहीत आहे. कुठून येईल पत्ता नाही, मागून, श्वास सोडताना, जिथे सैल दिसेल तिथे. "बेसावध राहिलास, तुझी चूक." सेन्सेईंची रीत निराळी. आधी तळवा ठेवतात. त्या जागी दाबतात. विद्यार्थी तिथे अंग आवळतो, तोवर थांबतात. आणि मग मारतात, असं मारतात की डोळ्यांसमोर काजवे चमकतात. पण जिथे हात ठेवला तिथेच. दुभाष्याने सांगितलं, "हात जिथे, मार तिथे. दुसरीकडे मारलंत तर ती परीक्षा नव्हे."

बाबा हे सगळं ऐकत होते. त्यांना कळलं असेल का? मला वाटतं कळलं, म्हणूनच शनिवारी ते तसे वागले.

शनिवारी संध्याकाळी प्रात्यक्षिक होतं. हॉल पालकांनी भरलेला. सेन्सेई खुर्चीवर बसले होते आणि बाबांना त्यांना दाखवायचं होतं, की आपण इथे कच्चं काम करत नाही. त्यांनी एकेकाला सांचिनमध्ये उभं केलं आणि झोडपायला सुरुवात केली. पेंटरच्या बरगडीत लाथ घातली. शिंपीणबाईंच्या मांडीवर इतक्या जोरात मारलं की त्या लंगडत जागेवर गेल्या. एक नर्स आहे, नुकतीच क्लासला लागलेली, तिला मागून कानाखाली मारलं. ती भेलकांडली तशी प्रेक्षकांत कुणीतरी "अहो!" म्हणून ओरडलं. बाबा घामाने निथळत होते आणि प्रत्येक फटक्यानंतर खुर्चीकडे बघत होते.

सेन्सेई उठले. दुभाष्यातर्फे त्यांनी एवढंच विचारलं, "तुमची परीक्षा कोण घेतं?"

बाबा म्हणाले, "आता कुणी नाही. मीच सगळ्यांचा गुरू आहे."

"मग आज घेऊ."

सेन्सेई स्वतःच घेणार होते. पण बाबांनी हात वर केला आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माझी मुलगी घेईल." माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. आपली पोरगी आपल्याला काय मारणार, हा त्यामागचा हिशोब होता. मी जन्मात त्यांच्यासमोर आवाज चढवलेला नाही.

त्यांनी सदरा उतरवला, पाय रोवले. मी पोटावर हात ठेवला, मारलं. घट्ट होते. पाठीवर ठेवला, मारलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग मांडीवर हात ठेवला, आणि तिथे माझा फटका जरा चुकून वर लागला. डावं कॉलरबोन मोडलं. हेच ते लागलेलं.

इथपर्यंत लिहिलं आणि उठून भांडी घासली. परत बसलेय.

चुकून नव्हतं दादा. मी मांडीवर हात ठेवला, त्यांनी मांडी आवळली, सगळा श्वास खाली गेला, वरचं अंग सैल सुटलं. आणि मी वर मारलं, हाताच्या कडेने, होता नव्हता तेवढा जोर लावून. आवाज मोठा आला नाही, वाळकी काटकी पायाखाली यावी तेवढाच. बाबांचं तोंड उघडलं.

सेन्सेई ओरडले, "यामे!" थांब. हा शब्द आपल्याकडे पांढऱ्या पट्ट्याच्या पोरांनाही पहिल्या दिवशी शिकवतात.

मी परत त्याच जागी मारलं. बाबा गुडघ्यांवर आले. मग मी जबड्यावर गुडघा घातला. पुढचे दोन दात जमिनीवर पडले, एक माझ्या पायाला लागला. चौथा फटका मी उचललाच होता, पण पेंटरने मला मागून कवेत धरून उचलून बाजूला नेलं. त्यालाही मी कोपर मारलं. हॉलमध्ये पोरं रडत होती आणि आई खुर्चीवरून उठलीच नाही.

निघताना सेन्सेईंनी मला एकच प्रश्न विचारला. ऐकू आलं होतं का? मी म्हटलं, नाही. त्यांनी माझ्याकडे पुरतं बघून घेतलं, वाकून नमस्कार केला आणि गाडीत बसले. त्यांना खोटं कळलं हे मला कळलं.

इस्पितळात बाबा येईल त्याला सुजलेल्या तोंडाने सांगत होते, "हॉलमध्ये गोंगाट होता, तिला ऐकू गेलं नाही." मला वाटलं, लाजेखातर सांगताहेत. सगळे गेल्यावर म्हणाले, "ऐकलं होतंस ना?" मी त्यांची उशी सारखी केली. तर दादा, ते हसले. टाके घातलेल्या ओठांनी हसले. "आता झालीस तयार. तुझ्या भावात हे नव्हतं. मी एवढं एक हाड मोडलं तर घर सोडून पळाला."

आई माझ्याशी बोलत नाही. एकदाच म्हणाली, "या घरात मोडायचं अजून काही राहिलंय का?" वहिनीला फोनवर अर्धवट कळलं, तर ती रडायलाच लागली. म्हणाली, "आमच्या ह्यांच्यासाठी कुणीतरी उभं राहिलं." तुलाही ती तसंच सांगेल. तेच हाड, तीच बाजू, बहिणीने हिशोब चुकता केला. म्हणून हे पत्र. तुझा हात अजून खांद्याच्या वर जात नाही, आणि त्या हाताची शपथ घेऊन सांगते, त्या वेळी मला तुझी आठवणसुद्धा आली नाही. मला फक्त सैल पडलेलं हाड दिसत होतं. मारताना मला बरं वाटलं. तुझं नाव पुढे करून मी ते गोड करून घेणार नाही.

काल क्लास घेतला. नर्स सांचिनमध्ये उभी होती. मी हात उचलायच्या आतच तिने डोळे मिटले, बाकीचे आपोआप एक पाऊल मागे सरकले. हॉलमध्ये टाचणी पडली तर ऐकू येईल इतकी शांतता. मी हळूच मारलं. पण ती शांतता मला आवडली, दादा. फार आवडली. बाबांना इतकी वर्षं काय मिळत होतं ते मला काल कळलं.

येत्या रविवारी बाबा सगळ्यांसमोर क्लासच्या किल्ल्या माझ्याकडे देणार आहेत. तुलाही बोलाव म्हणाले, "त्याला बघू दे." मला त्या किल्ल्या हव्या आहेत. नाही म्हणण्याचं बळ माझ्यात नाही, हे मी आज ओळखून आहे, उद्या तेही कबूल करणार नाही. म्हणून तू ये. त्यांच्यासाठी नको, बघायलाही नको. ये आणि त्या माझ्या हातातून काढून घे. मी सुखासुखी देणार नाही, तुझ्या अंगावर येईन, तुझ्या कुठल्या बाजूला जोर नाही हे मला ठाऊक आहे. तरीही ये.

तुझी बहीण
आणि त्यांची मुलगी