माडीवरचे यंत्र चालू ठेवण्याबाबत

मी, सौदामिनी विनायक दिघे, वय ७१, तहसील कचेरीतून निवृत्त अव्वल कारकून, राहणार भोर, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी खाली डॉक्टरांची सही पाहावी. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. आणायची कोणाची छातीही नाही.

माझे यजमान हयात नाहीत. एकुलता एक मुलगा मंदार सहा वर्षांपूर्वी तापाने गेला. माझे म्हणावे असे माणूस आता एकच, मंदारची बायको वैदेही. तिचे दुसरे लग्न मीच पुढे होऊन लावून दिले. ती नसरापूरला सुखात आहे.

१. राहते घर माडीसह, तसेच बँकेतील सर्व ठेवी वैदेहीला द्याव्यात. माझे दीर केशवभाऊजी हरकत घेतील. "सून दुसऱ्या घरी गेली, आता तिचा इथे काय संबंध?" असे ते तिच्या लग्नाच्या मांडवातच म्हणाले होते. घर माझ्या पगारातून बांधलेले आहे. कागद कपाटात आहेत, वाचून घ्यावेत.

२. केशवभाऊजींना तांब्याचा बंब द्यावा. त्यावर त्यांचा पहिल्यापासून डोळा आहे. कढत पाण्याने अंघोळ करावी आणि गप्प बसावे.

३. घरकामाला येणाऱ्या रतनबाईला फ्रीज, शिलाई मशीन आणि माझ्या सुती साड्या द्याव्यात. माझ्या आजारपणात तिने जे केले ते सख्ख्यांनी केले नाही.

४. माडीवरचे सामान. मंदार दिवसा हायवेवरच्या कारखान्यात नोकरी करी आणि संध्याकाळी कानाला हेडफोन लावून माडीवर बसे. पुण्याहून त्याने एक जुना सिंथेसायझर आणला होता. पेटीसारख्या पट्ट्या आणि वर पुष्कळ बटणे. ती फिरवून फिरवून तो नवेनवे आवाज तयार करी आणि त्यांची गाणी बांधी. पैशासाठी नाही, कार्यक्रमासाठी नाही, निव्वळ हौस. मी म्हणे, "अरे, तबला शिकला असतास तर चार माणसांनी ऐकलं तरी असतं." तो म्हणे, "आई, हा आवाज सकाळपर्यंत जगात नव्हता. आत्ता केला मी." मला त्यातले काही कळत नसे. पोराचे तोंड उजळलेले तेवढे दिसे.

त्याचा कॉम्प्युटर, स्पीकर आणि सगळी गाणी त्याचा मित्र सौमित्र याला द्यावीत. सिंथेसायझर मात्र आहे तिथेच राहील. त्याच्या आतली बॅटरी संपली आहे. वीज तुटली की मंदारने साठवलेले आवाज पुसले जातील. बॅटरी बदलायला कापूरहोळच्या दुरुस्तीवाल्या पप्पूला बोलावले होते. त्याने झाकण उघडले, आत पाहिले आणि परत लावले. म्हणाला, "मावशी, चालू मशिनीत बॅटरी बदलायची, जरा हात चुकला तर सगळं पुसलं जाईल. दुसऱ्या कुनाचं असतं तर केलं असतं. हितं माझा हात धजत न्हाई." तेव्हापासून ते यंत्र मी एकदाही बंद केलेले नाही. घरातला इन्व्हर्टर त्याच्यासाठीच घेतला आहे. रतनबाई तिथे केर काढताना आधी हाक मारते, "बाई, वायरीला धक्का न्हाई लावला बरं का."

सौमित्र म्हणतो, काकू, ते आवाज रेकॉर्ड करून ठेवलेत, मग काय बिघडलं? बिघडते. रेकॉर्ड केलेले संपते. यंत्रावर पट्टी दाबून धरली की बोट उचलेपर्यंत आवाज थांबत नाही. माझे बोट दुखते, तरी मी उचलत नाही.

५. पहिल्या मसुद्यात मी लिहिले होते की वैदेहीने हे यंत्र तिच्या हयातभर चालू ठेवावे. मसुदा तिला वाचून दाखवला. "ठेवीन, आई," ती लगेच म्हणाली. नंतर हळूच म्हणाली, "आणि माझ्यामागे शुभ्राने?"

शुभ्रा तिची मुलगी, नुकती बालवाडीत जाऊ लागली आहे. मंदार तिचा कोणीही नाही.

मला रडू आवरेना. ते कलम खोडले आहे आणि खाडाखोडीवर सही केली आहे. त्याऐवजी पुढीलप्रमाणे करावे.

माझे दिवसकार्य आटोपले की वैदेहीने एकटीने माडीवर जावे. हवी ती पट्टी हवा तितका वेळ दाबून धरावी. मग बोट उचलावे आणि बटण बंद करावे. इतर कोणी हात लावू नये. नंतर ते यंत्र सौमित्रने न्यावे, नवी बॅटरी घालावी आणि स्वतःचे काहीतरी करावे.

घरादाराचा निवाडा माझ्यामागे कोर्टानेही केला असता. ते एक बटण माझ्या हाताने बंद होत नाही, म्हणून हे मृत्युपत्र.

ठिकाण : भोर
दिनांक : २१ नोव्हेंबर २०२५

(सही) सौदामिनी विनायक दिघे

बाईंनी आमच्या देखत वाचून सही केली आणि आम्ही त्यांच्या देखत केली.

साक्षीदार :
१. (सही) डॉ. राजनंदिनी शेटे, भोर. तपासले, बाई पूर्ण शुद्धीवर व सावध आहेत.
२. (सही) इंद्रजित खोपडे, कामथडी