लाकडी पिंपातली वाइन आणि पांढरा रस्सा

आई, दोन वर्षं झाली, मला वास येत नाही. तापातून उठले तेव्हा वाटलं सर्दी असेल. सर्दी गेली, वास काही परत आला नाही. जिभेला खारट, आंबट, गोड एवढं कळतं, पण जेवणात जीव राहिलेला नाही. डॉक्टर म्हणतात, येईलही, नाहीही येणार. आणि माझं तर पोटच नाकावर. कोल्हापुरातल्या एका हॉटेलात कुठल्या जेवणाबरोबर कुठली वाइन द्यायची ते मी ठरवते. तू असतीस तर म्हणाली असतीस, "दारू वाडतीस म्हन की सरळ!" वाढते, बाई.

माळ घातल्यापासून तू मटणाला तोंड लावलं नाहीस, पण आपल्या खानावळीचा रविवारचा पांढरा रस्सा तूच करायचीस, नुसत्या वासावर. पातेल्यावर वाकून डोळे मिटायचीस. "खसखस कच्ची हाय अजून." एका रविवारी तुझं नाक चोंदलेलं आहे. तू मला हाक मारतेस, "मला आज कळंना झालंय, तू बघ जरा." मला खेळायला पळायचं आहे. पातेल्याजवळही न जाता मी म्हणते, "झालंय." खोबरं खवट निघालं. पहिल्याच गिऱ्हाइकानं वाटी सारली, "मावशी, वास मारतोय की रश्श्याला!" तू प्रत्येक पाटापुढं जाऊन सांगितलंस, "चूक माझी हाय, पावणं." मग आत येऊन मला, "कळलं न्हाय तर न्हाय म्हणायचं. त्यात लाज कसली?" मी चुलीमागं बसून रडले होते.

पांढऱ्या रश्श्याबरोबर लाकडी पिंपात मुरलेली शार्डोने, म्हणजे एक पांढरी वाइन, द्यायची, ही कल्पना माझीच, नाक शाबूत होतं तेव्हाची. तिला लोण्याचा, व्हॅनिलाचा, भाजल्या बदामाचा वास असतो. नारळाच्या दुधाशी, काजूशी ती छान जमते. तांबड्या रश्श्याबरोबर मात्र तिखट भडकतं आणि लाकूड कडू लागतं. फार गार करायची नाही, नाहीतर वास मिटतो. हे सगळं मला पाठ आहे आणि दोन वर्षं मी पाठांतरावरच निभावते आहे.

गेल्या शनिवारी वीस माणसं जेवायला होती. मी ग्लास फिरवला, नाक घातलं, तुझ्यासारखे डोळे मिटले आणि लोणी, व्हॅनिला, बदाम म्हणाले. हातकणंगल्याचे एक गृहस्थ, बहुधा पहिल्यांदाच वाइन पीत होते, म्हणाले, "ताई, भिजल्या पोत्याचा वास येतोय की ह्याला!" मी हसून म्हटलं, "लाकडाचा असतो तो. सवय नसली की तसं वाटतं." लोक हसले. ते ओशाळले आणि मुकाट्यानं सगळा ग्लास प्यायले. नंतर आमच्या आचाऱ्यांनी बाटली हुंगली. "मॅडम, बुचानं नासलीया ही. तुम्हाला कसं कळलं न्हाय?" मी म्हटलं, सर्दी आहे.

त्या माणसाचं बरोबर होतं, आई, आणि मी त्याला वीस जणांत खोटं पाडलं. त्याचा पत्ता नाही, फोन नाही, माफी मागू कुणाची? मालकांना खरं सांगितलं तर दुसऱ्या दिवशी घरी बसावं लागेल, आणि पन्नाशीत मला दुसरं काय येतं? या शनिवारी पुन्हा जेवणं आहेत. तीन दिवस विचार करते आहे, काही सुचत नाही.

हे पत्र कुठं टाकायचं, तेही माहीत नाही. घडी करून डब्यात ठेवीन. एक मात्र सांगते. जेवणाआधी मी लोकांना तुझ्या पातेल्यातून उठणाऱ्या वाफेचा वास वर्णन करून सांगते, सगळ्यांना तो फार आवडतो. तो मी रचलेला आहे, आई. खरा मला आठवत नाही.